डेटा लॉगरमधले गणिती चॅनेल: सूत्र कसं लिहावं, कुठे ठेवावं आणि कसं तपासावं

सेन्सर बिघडला की बहुतेक वेळा लगेच कळतं. रीडिंग गोठतं, उड्या मारतं किंवा एका टोकाला जाऊन बसतं. सूत्र चुकलं तर तसं काहीच होत नाही. ४१.५ अंशांच्या जागी ३१.९ अंश दिसतात, आलेख गुळगुळीत असतो आणि कुणाला शंकाही येत नाही. म्हणून गणिती चॅनेल तयार करताना निम्मं काम सूत्र लिहिण्याचं आणि निम्मं त्यातली चूक पकडण्याचं असतं: चूक असेल तर ती नेमकी कुठल्या आकड्याला उघडी पडेल, हे आधीच ठरवायचं.

गणिती चॅनेल म्हणजे ज्याला स्वतःचा सेन्सर नाही असा चॅनेल. करंटवरून दाब, दाबाच्या फरकावरून प्रवाह, तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू, प्रवाह आणि तापमानाच्या फरकावरून उष्णता, पल्सवरून एकूण लिटर. लॉगर (सेन्सरची रीडिंग ठरावीक वेळाने साठवणारं उपकरण), पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर), स्काडा (प्रकल्पावर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर) किंवा संगणकावरचा प्रोग्राम, यांपैकी कुठेही हे गणित करता येतं. पण एक गणित एकाच ठिकाणी व्हायला हवं आणि ते कुठे होतं ते लिहून ठेवलेलं हवं.

आधी कच्चं रीडिंग जपा

सूत्रातून आलेला आकडा साठवताना त्यामागचं मूळ रीडिंगही साठवा: मिलिअँपिअर, व्होल्ट, ओहम किंवा काउंट (सिग्नलचं रूपांतर करून मिळालेला पूर्णांक), जे काही हार्डवेअरकडून येतं ते. सहा महिन्यांनी स्थिरांक चुकला होता असं लक्षात आलं, तर कच्च्या आकड्यांवरून सगळा इतिहास पुन्हा काढता येतो. फक्त अंतिम आकडा ठेवला असेल तर उलटं गणित करावं लागतं, आणि मध्ये कुठे सरासरी किंवा किमान-कमाल मर्यादा लावली असेल तर तेही शक्य होत नाही. साठवणुकीची जागा वाचवायचीच असेल तर गणिती चॅनेल वगळा, कच्चा नको.

४ ते २० मिलिअँपिअरचं स्केलिंग

ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरचं मोजमाप करंटच्या रूपात पाठवणारं उपकरण, श्रेणीच्या खालच्या टोकाला ४ आणि वरच्या टोकाला २० मिलिअँपिअर पाठवतो. त्यावरून:

मूल्य = (करंट − ४) ÷ १६ × (वरची मर्यादा − खालची मर्यादा) + खालची मर्यादा

लॉगर करंट थेट मोजत नसेल तर २५० ओहमच्या रोधावर १ ते ५ व्होल्ट मिळतात. मग ४ च्या जागी १ आणि १६ च्या जागी ४ येतो. रोध ०.१ टक्का अचूकतेचा घ्या. ५ टक्क्यांचा साधा रोध लावला तर सूत्र कितीही बरोबर असलं तरी चॅनेल चुकीचाच राहील.

यात सर्रास होणारी चूक म्हणजे सिग्नल ० ते २० आहे असं धरणं. तसं केलं की ४ ला शून्याऐवजी २० टक्के दिसतात, १२ ला ५० ऐवजी ६०, पण २० ला दोन्ही सूत्रं १०० च दाखवतात. फक्त फुल स्केलला तपासलं तर ही चूक सापडत नाही. दुसरी चूक काउंटमधली. सीमेन्सच्या पीएलसीत अॅनालॉग इनपुटची नाममात्र श्रेणी २७६४८ काउंटला संपते. त्या जागी कुणी १६-बिटची कमाल म्हणून ३२७६७ धरलं, तर प्रत्येक रीडिंग जवळपास १६ टक्के कमी येतं. आकडा नेहमी त्या मॉड्यूलच्या माहितीपत्रकातून घ्या, अंदाजाने नाही. मॉडबसवरून (उपकरणांमधल्या संवादाची एक पद्धत) वाचताना चिन्हाचं भानही ठेवा: उणे १ हा आकडा चिन्हविरहित वाचला की ६५५३५ होतो.

नव्या प्रणालीला आधी चार प्रश्न

सूत्रांची भाषा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये थोडी वेगळी असते. मदतपुस्तिका वाचाच, पण त्याआधी एक तात्पुरता चॅनेल उघडून हे चार हिशेब करून पाहा. पाच मिनिटांत पुढचे बरेच घोळ टळतात.

१० चा लॉग काढा. उत्तर १ आलं तर पाया १० आहे, २.३०२६ आलं तर तो नैसर्गिक लॉगॅरिदम आहे. स्प्रेडशीटमधला साधा लॉग पाया १० चा असतो, पायथन आणि सी भाषेतला नैसर्गिक. सूत्र एकीकडून दुसरीकडे चिकटवताना इथेच घात होतो.

९० चा साइन काढा. १ आला तर कोन अंशांत आहे, ०.८९४ आला तर रेडियनमध्ये.

७ ला २ ने भागा. ३.५ ऐवजी ३ आले तर पूर्णांकांचा भागाकार चालू आहे. मग स्थिरांक २.० असा दशांशासह लिहावा लागेल.

दोन आकडे घेणारं टॅन-व्यस्त फल असेल तर त्याला क्रमाने १ आणि ० द्या. स्प्रेडशीट ० देते, कारण ती आधी क्ष घेते, पायथन १.५७०८ देतं, कारण ते आधी य घेतं. वाऱ्याची दिशा काढताना हा क्रम उलटला की पूर्वेचा वारा उत्तरेचा होतो.

थर्मिस्टर: एक सूत्र पायरीपायरीने

थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे ज्याचा रोध बदलतो तो सेन्सर; बीटा हा तो बदल किती तीव्र आहे ते सांगणारा स्थिरांक. २५ अंशांना १० किलोओहमचा, बीटा ३९५० असलेला थर्मिस्टर घ्या. ५ व्होल्टच्या पुरवठ्यापासून १० किलोओहमचा स्थिर रोध, मग मोजण्याचा बिंदू, मग थर्मिस्टर, मग ग्राउंड, अशी जोडणी आहे. हे सगळं एका ओळीत कोंबू नका. तीन चॅनेल करा, म्हणजे चूक कुठल्या पायरीवर आहे ते दिसतं.

पहिली पायरी, रोध = १०००० × व्होल्ट ÷ (५ − व्होल्ट). १.६६७ व्होल्टला ५००० ओहम येतात.

दुसरी पायरी, १ ÷ केल्विन = १ ÷ २९८.१५ + नैसर्गिक लॉग (रोध ÷ १००००) ÷ ३९५०. इथे ०.००३३५४० मधून ०.०००१७५५ वजा होऊन ०.००३१७८५ उरतात, म्हणजे ३१४.६१ केल्विन.

तिसरी पायरी, अंश सेल्सिअस = केल्विन − २७३.१५. उत्तर ४१.४६.

आता हेच सूत्र पाया १० च्या लॉगने चालवलं तर ३१.९३ अंश येतात. खोलीतल्या एखाद्या पेटीत ३१.९ अंश कुणालाही खटकणार नाहीत. आणि २५ अंशांना तर रोधांचं गुणोत्तर १ असतं, १ चा लॉग कुठल्याही पायाने शून्यच येतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला केलेली तपासणी पास होते. म्हणून थर्मिस्टर २५ अंशांपासून लांबच्या दोन तापमानांना तपासावा, एक बर्फाच्या पाण्यात आणि एक ६० अंशांच्या आसपास.

पुरवठा खरोखर ५.००० व्होल्ट आहे असं धरू नका. तो वेगळ्या चॅनेलवर मोजा आणि सूत्रात मोजलेला आकडा घ्या. पुरवठा आणि एडीसीचा (व्होल्टेजचं काउंटमध्ये रूपांतर करणाऱ्या भागाचा) संदर्भ एकच असेल तर काउंट ÷ (फुल काउंट − काउंट) हे गुणोत्तर थेट वापरा. पुरवठा हलला तरी ते हलत नाही. थर्मिस्टरची तार तुटली की व्होल्ट पुरवठ्याइतके होतात आणि छेदात शून्य येतं, शॉर्ट झाला की शून्याचा लॉग काढावा लागतो. दोन्ही टाळायला व्होल्ट पुरवठ्याच्या २ ते ९८ टक्क्यांत असतील तरच पुढचं गणित होऊ द्या.

मोठ्या तापमानश्रेणीला बीटाचं सूत्र अपुरं पडतं. तिथे तीन स्थिरांकांचं स्टाइनहार्ट-हार्ट समीकरण घ्या. बाकीची शिस्त तीच.

वर्गमूळ आणि प्रवाह

ओरिफिस किंवा व्हेंचुरीवर (पाइपमधल्या मुद्दाम अरुंद केलेल्या भागावर) दाबाचा फरक मोजून प्रवाह काढताना:

प्रवाह = कमाल प्रवाह × √(दाबफरक ÷ कमाल दाबफरक)

२५ टक्के दाबफरकाला ५० टक्के प्रवाह, १ टक्क्याला १० टक्के. यात नेहमीचा घोटाळा दुहेरी वर्गमुळाचा. ट्रान्समीटरमध्ये वर्गमूळ चालू असतं आणि लॉगरमध्येही कुणीतरी लावतं. मग २५ टक्के दाबफरकाला ५० ऐवजी ७०.७ टक्के प्रवाह दिसतो. शून्य आणि १०० टक्क्यांना मात्र एकदा, दोनदा किंवा एकदाही वर्गमूळ घेतलं नाही तरी उत्तर एकच. झिरो आणि स्पॅन (म्हणजे ही दोन टोकं) तपासून समाधान मानणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षं दिसत नाही. मधला बिंदू तपासल्याशिवाय अरेषीय चॅनेल चालू करू नका.

खालच्या टोकाला सूत्र फार हळवं होतं. ट्रान्समीटरचं शून्य जरा सरकून ०.२५ टक्के झालं तरी पंप बंद असताना ५ टक्के प्रवाह दिसतो आणि टोटल वाढत राहते. त्यासाठी १ टक्क्याखालचा दाबफरक शून्य धरण्याची मर्यादा लावतात. ती मर्यादा चॅनेलच्या वर्णनात लिहा, नाहीतर १० टक्क्यांखाली प्रवाह का दिसत नाही हा प्रश्न पुढच्या माणसाला पडेल.

गॅसचा प्रवाह आणि निरपेक्ष दाब

गॅसचा प्रवाह प्रमाण स्थितीला आणताना गुणक असा: (गेज दाब + वातावरणाचा दाब) ÷ १०१.३२५ × २७३.१५ ÷ (२७३.१५ + तापमान), दाब किलोपास्कलमध्ये. गेज दाब वातावरणाच्या दाबापासून पुढे मोजलेला असतो; दोन्हींची बेरीज म्हणजे निरपेक्ष दाब. गेज दाब तसाच वापरला तर ७०० किलोपास्कलला उत्तर साडेबारा टक्क्यांहून अधिक कमी येतं. उंचावरच्या ठिकाणी वातावरणाचा दाब १०१ नसतो, तोही मोजा किंवा तिथला आकडा घाला. प्रमाण तापमान ० अंश धरायचं, १५ की २०, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं.

आधी गणित, मग सरासरी

लॉगर दर सेकंदाला मोजतो आणि दर तासाला सरासरी साठवतो, अशी रचना नेहमीची. आता गणित कुठल्या आकड्यांवर करायचं? प्रत्येक सेकंदाच्या रीडिंगवर. सरासरी नंतर.

पाणी तापवणाऱ्या यंत्रणेची उष्णता घ्या: किलोवॅट = लिटर प्रतिमिनिट ÷ ६० × ४.१८६ × तापमानाचा फरक. पंप अर्धा तास चालला, प्रवाह २० लिटर प्रतिमिनिट आणि फरक १० अंश, म्हणजे १३.९५ किलोवॅट. उरलेला अर्धा तास सगळं बंद, प्रवाह शून्य, फरक शून्य. तासाची खरी सरासरी ६.९८ किलोवॅट. पण तासाच्या सरासऱ्या घेतल्या तर प्रवाह १० आणि फरक ५ येतो, आणि त्यावरून उष्णता निघते ३.४९ किलोवॅट. बरोबर निम्मी. सरासऱ्यांचा गुणाकार आणि गुणाकारांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भार जितका चालू-बंद होतो तितकी दोघांतली दरी वाढते.

याच सूत्रात आणखी एक बारकावा दडलेला आहे. एक लिटर म्हणजे एक किलो हे थंड पाण्याला चालतं. ८० अंशांना पाण्याची घनता घनमीटरला ९७२ किलोच्या आसपास असते, म्हणजे मीटर गरम बाजूला असेल तर जवळजवळ ३ टक्के उष्णता जास्त मोजली जाते. मीटर ज्या पाइपवर आहे त्याच पाइपच्या तापमानाची घनता घ्या.

वर्गमुळालाही हाच क्रम लागू. दाबफरक कधी ९ टक्के, कधी ८१ टक्के असा हेलकावत असेल तर प्रवाह ३० आणि ९०, सरासरी ६०. दाबफरकाची सरासरी ४५ काढून वर्गमूळ घेतलं तर ६७.१ येतात, जवळपास १२ टक्के जास्त.

वाऱ्याच्या दिशेची तर साधी सरासरी काढूच नये. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा होतो. प्रत्येक रीडिंगचा साइन आणि कोसाइन काढा, त्यांच्या सरासऱ्या घ्या आणि मग टॅन-व्यस्ताने कोन काढा. उत्तर उणे आलं तर ३६० मिळवा.

सूत्रात येणारे चॅनेल एकाच क्षणाचे आहेत का, तेही पाहा. एकच एडीसी चाळीस चॅनेल फिरून मोजत असेल तर पहिल्या आणि शेवटच्या रीडिंगमध्ये काही सेकंद जातात. हळू बदलणाऱ्या तापमानाला त्याने फरक पडत नाही, पण मोटर सुरू होताना व्होल्टेज आधीचं आणि करंट नंतरचा असा गुणाकार निरर्थक असतो. असे चॅनेल स्कॅनच्या यादीत शेजारीशेजारी ठेवा.

वाईट रीडिंगला शून्य म्हणू नका

नामूर या प्रक्रिया-उद्योगातल्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हा मोजमापाचा भाग आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर दोषाची खूण. सूत्राच्या आधी ही चाळणी लावा. दोष असेल तर निकाल ‘नॅन’ ठेवा, म्हणजे ‘संख्या नाही’ ही खूण. शून्य ठेवलं तर ते खरं मोजमाप म्हणून सरासरीत शिरतं. −९९९९ सारखा खुणेचा आकडा वापरायची पद्धतही आहे, पण तो एकदा जरी सरासरीत गेला तरी तासाचा आकडा बिघडतो.

नॅनचा एक गुण ध्यानात ठेवावा लागतो: त्याच्याशी केलेली कुठलीही लहान-मोठ्याची तुलना खोटी ठरते. म्हणून ‘० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असेल तर वाईट’ अशी अट लिहिली तर नॅन चांगला म्हणून पुढे जातो. अट उलटी लिहा: ‘० किंवा जास्त, आणि १०० किंवा कमी असेल तरच चांगला, नाहीतर वाईट’.

आणि टोटलायझरमध्ये (एकूण बेरीज ठेवणाऱ्या चॅनेलमध्ये) नॅन जाऊ देऊ नका. एक नॅन मिळवला की टोटल नॅन होते आणि रीसेट करेपर्यंत तशीच राहते. वाईट नमुना सोडून द्या आणि किती नमुने सोडले ते वेगळ्या चॅनेलवर मोजा.

मर्यादा घालताना ती फक्त सूत्रापुरती घाला. दवबिंदूचं उदाहरण: ग = नैसर्गिक लॉग (आर्द्रता ÷ १००) + १७.६२ × त ÷ (२४३.१२ + त), आणि दवबिंदू = २४३.१२ × ग ÷ (१७.६२ − ग). ३० अंश आणि ६० टक्क्यांना ग १.४२४६ आणि दवबिंदू २१.४ अंश येतो. आर्द्रतेचा सेन्सर पावसाळी हवेत १०२ टक्के दाखवतो, मग दवबिंदू हवेच्या तापमानापेक्षा वर जातो. सूत्रात आर्द्रता १०० ला थांबवा, पण नोंदीत १०२ तसाच ठेवा; तो वाढत गेला तर सेन्सर सरकतोय हे त्यावरूनच कळेल.

टोटल का थांबते

मिनिटाला काही लिटर याप्रमाणे टोटल वाढत असते आणि एक दिवस वाढायची थांबते, प्रवाह चालू असूनही. कारण ३२-बिट फ्लोटमध्ये अचूकतेचे २४ बिटच असतात. १,६७,७७,२१६ या आकड्यात १ मिळवला तरी तो तिथेच राहतो. बारीक भर घालत असाल तर हे फार आधी होतं: २,६२,१४४ च्या पुढे शेजारच्या दोन आकड्यांतलं अंतरच ०.०३१२५ असतं, त्यामुळे दर वेळी ०.०१ मिळवली तर ती पूर्ण हरवते. उपाय म्हणजे ६४-बिट डबल वापरा. ते नसेल तर लहान टोटल वेगळी चालवा आणि ती १००० झाली की पूर्णांकाच्या मोठ्या काउंटरमध्ये १ वाढवून लहान टोटलमधून १००० वजा करा. शून्य करू नका, वजा करा. नाहीतर वरचा उरलेला अंश दर वेळी गळतो.

पल्स काउंटर १६-बिटचा असेल तर ६५५३५ नंतर ० येतो. फरक = (नवा − जुना + ६५५३६) ला ६५५३६ ने भागून उरलेली बाकी. जुना ६५५३० आणि नवा ४ असेल तर १० पल्स. पण वीज जाऊन काउंटर शून्यावर आला तरी हेच सूत्र हजारो खोट्या पल्स मोजेल. त्या अवधीत जास्तीत जास्त किती पल्स शक्य आहेत ती मर्यादा लावा आणि त्यावरचा फरक नाकारा.

किलोवॅटवरून युनिट काढताना दोन नमुन्यांतलं खरं अंतर सेकंदांत घ्या, ठरवलेलं नाही: युनिट += किलोवॅट × सेकंद ÷ ३६००. अंतर नेहमीच्या तिप्पटीहून जास्त असेल तर ती पोकळी भरू नका, खूण करून सोडा.

वजाबाकी आणि वेग

दोन मोठ्या आकड्यांतला लहान फरक सगळ्या चुका आपल्या अंगावर घेतो. क्लास बी पीटी१०० (प्लॅटिनमच्या रोधावर चालणारा तापमानाचा सेन्सर) ची सूट ±(०.३ + ०.००५ × तापमान) असते. ४० अंशांना ती ०.५ होते, ३६ ला ०.४८. फरक ४ अंशांचा, आणि दोन्ही चुका विरुद्ध दिशेला गेल्या तर त्यात जवळपास एक अंश चूक, म्हणजे २५ टक्के. महागड्या लॉगरने ती जात नाही. दोन्ही सेन्सर एकाच भांड्यातल्या ढवळलेल्या पाण्यात, कामाच्या तापमानाला, वीस मिनिटं ठेवा, त्यांच्यात जो फरक दिसेल तो सूत्रात कायमचा वजा करा. हा एक स्थिरांक बहुतेक चूक काढून टाकतो.

बदलाचा वेग काढताना लगतच्या दोन नमुन्यांची वजाबाकी करू नका. टाकीची पातळी १ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोजली जाते आणि तळ १ चौरस मीटर आहे. सेकंदाला एक पायरी हलली की सूत्र म्हणतं सेकंदाला १ लिटर, पुढच्या सेकंदाला शून्य. ६० सेकंदांच्या नमुन्यांतून सरळ रेषेचा उतार काढा. उत्तर अर्ध्या मिनिटाने मागे पडतं, पण विश्वास ठेवण्यासारखं असतं.

चालू करण्याआधीची तपासणी

सेन्सर सोडवून लूप कॅलिब्रेटर (हवा तो करंट नेमका देणारं उपकरण) जोडा. ० ते ५०० घनमीटर प्रतितास अशा वर्गमुळाच्या चॅनेलला, १ टक्क्याची खालची मर्यादा धरून, हे आकडे यायला हवेत:

३.५ मिलिअँपिअर: नॅन
३.९: ०
४: ०
८: २५०
१२: ३५३.६
१६: ४३३.०
२०: ५००
२१.५: नॅन

अपेक्षित आकडे कॅल्क्युलेटरवर, सूत्र लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या माणसाने काढलेले असावेत. तेच सूत्र स्प्रेडशीटमध्ये चिकटवलं तर तीच चूक दोन्हीकडे असेल. मग कॅलिब्रेटर २१.५ वरून १२ वर आणा आणि टोटल पुन्हा वाढायला लागते का ते पाहा. शेवटी लॉगरचा पुरवठा दहा मिनिटं बंद करून चालू करा: टोटल जिथे होती तिथूनच सुरू व्हायला हवी आणि त्या दहा मिनिटांची भर तिच्यात नसावी.

चॅनेलच्या नावात एकक असू द्या, आणि सूत्र, स्थिरांक, ते कुठून घेतले आणि कुठल्या तारखेपासून लागू, हे डेटाच्या शेजारी एका फाइलमध्ये ठेवा. ट्रान्समीटर बदलला किंवा पुन्हा कॅलिब्रेट झाला की जुनी ओळ खोडू नका. नव्या तारखेची नवी ओळ लिहा. म्हणजे मार्चचा डेटा मार्चच्याच स्थिरांकाने पुन्हा काढता येईल.